पानोपानी सही

माझ्या बायकोनं बी.ए.ची परीक्षा दिली तेव्हा पेपरला ती स्वतःच बसली होती, एवढी साधी गोष्ट सिद्ध करायला आम्हाला कंधारहून लातूरला जावं लागलं.

जाताना माझ्याजवळ चार पानी खुलासा, सात जोडपत्रं आणि लाल दोरीची फाईल होती. मंगलजवळ एक पेन होता. शेवटी कामाला काय आलं ते पुढं सांगतोच. (ओळखणाऱ्याला बक्षीस नाही. आमच्या घरात सगळ्यांनी ते निघायच्या आधीच ओळखलं होतं.)

मी सत्तावीस वर्षांपासून एका सरकारी कचेरीत बाबू आहे. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, कारण तिथं अजून काही वर्षं काढायची आहेत. टेबल आस्थापनेचं. म्हणजे दुसऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळायचे आणि त्यांच्या अर्जात खोट काढायची. पहिल्या फेरीत माझ्या टेबलावरून पुढं सरकलेला अर्ज आजवर कुणी पाहिलेला नाही. गावात मला 'वाघमारे बाबू' म्हणतात, आणि त्यातलं 'बाबू' मी जरा जास्तच मनावर घेतलेलं आहे.

मंगल अंगणवाडी सेविका. कंधारच्या पुढं एका खेड्यात तिची अंगणवाडी. एकोणीस वर्षं ती रोज चाळीस लेकरं गोळा करते, त्यांची वजनं घेते, गाणी म्हणते, खिचडी खाऊ घालते आणि उरलेल्या वेळात अकरा रजिस्टरं भरते. (आता मोबाईलवरही भरावं लागतं. पण मोबाईल बंद पडला तर असावं म्हणून रजिस्टरही, आणि रजिस्टर भिजलं तर असावं म्हणून मोबाईलही!) या एकोणीस वर्षांत तिच्यावर पाच पर्यवेक्षिका आल्या. प्रत्येकीला पहिले सहा महिने रजिस्टर कसं तपासायचं हे मंगलनंच शिकवलं. मग ती शिकलेली बाई मंगलचंच रजिस्टर तपासायची आणि लाल शाईनं शेरा मारायची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी जेवत होतो. मंगल तूरडाळ निवडत होती. डाळीतून नजर न काढता म्हणाली,

"म्या कॉलेजात नाव घालायले."

"कुणाचं?"

"माझं."

"कामून?"

"सेविकांमधून सुपरवायझर घेतेत. पण बी.ए. पायजे. बारावीवर न्हाई घेत."

मी हसलो. आता खोटं कशाला बोलू, मोठ्यानं हसलो. आमची मुलगी पल्लवी लातूरला फार्मसीला आहे; तिला लगेच फोन लावला, "तुझी माय कॉलेजला जायली!" पलीकडून पल्लवी शांतपणे म्हणाली, "मला माहीत हाय पप्पा. विषय आमी दोघींनी कवाच ठरवलेत. तुमाला फकस्त कळवायचं राहिलं हुतं."

आपल्या घरातली फाईल आपल्याला वळसा घालून पुढं गेली, हे आस्थापनेच्या बाबूला झोंबणार नाही तर काय! मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "ठीक हाय. पण फॉर्म मी भरणार. तो माझा प्रांत हाय."

इथून पुढं जे जे झालं, त्या सगळ्याचं मूळ या वाक्यात आहे.

फॉर्म मुक्त शिक्षणाचा, ऑनलाईन. तो भरायचं मी रोज उद्यावर ढकललं. (सवय!) शेवटच्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याकडं गेलो. सगळं भरून झालं आणि तो म्हणाला, "बाबू, म्याडमचा फोटो आन् सही टाका." मंगल त्या दिवशी गावात लसीकरणाला. फोन उचलेना, कारण एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात यादी. सर्व्हर संध्याकाळी बंद होणार. फोटो कुठून आणू? माझ्या मोबाईलमध्ये आमच्या लग्नाच्या अल्बमचा एक फोटो होता. त्यातून मला कापलं आणि मंगलला ठेवलं. सुरेख दिसत होती. वीस वर्षांची, बारीक, डोळे खाली.

राहिली सही. मी रोज पन्नास सह्या करतो, त्यात आणखी एक! कोरा कागद घेतला आणि मंगलच्या नावानं ठोकली. पण मी काही अडाणी नाही. बाईची सही बाईसारखी दिसली पाहिजे म्हणून अक्षरं नाजूक काढली, 'ल'ला एक वळण दिलं, आणि हात थांबेना म्हणून खाली सवयीची दोन टिंबं दिली. माझ्या प्रत्येक सहीखाली ती असतात. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "म्याडमची सही भारी हाय हो!"

मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

मंगल शिकायला लागली. दर रविवारी इथल्याच कॉलेजात तास. वर्गात एक पोलीस शिपाई, दोन नर्सबाई, एक एस.टी.चा कंडक्टर आणि ही. सगळे नोकरीत अडकलेले आणि वरच्या पायरीसाठी धडपडणारे. शिकवणारा मुलगा पंचविशीतला. तो पहिल्या दिवशी या सगळ्यांना "विद्यार्थी मित्रांनो" म्हणाला आणि स्वतःच लाजला. मंगल घरी येऊन सांगायची, कंडक्टर वर्गात आला की आधी डोकी मोजतो, आणि पोलीस शिपायाला उभ्यानं झोप घ्यायची सवय असल्यानं प्रश्न विचारून उभं केलं की त्याला जास्तच गाढ लागते.

घरात पिठाच्या डब्यावर समाजशास्त्र आलं. मिसळणाच्या डब्याला अर्थशास्त्राची चिठ्ठी चिकटली. अंगणवाडी सुटली की ती तिथंच चटईवर तासभर वाचत बसायची. घरी नेऊन सोडलेली दोन लेकरं परत येऊन तिच्या बाजूला पुस्तक उलटं धरून वाचायची. पहिल्या वर्षी पास झाली. दुसऱ्या वर्षीही झाली. मी दोन्ही वेळा कचेरीत पेढे वाटले आणि सांगितलं, "मार्गदर्शन माझं."

मार्गदर्शन माझं अजून सुरूच झालेलं नव्हतं. ते तिसऱ्या वर्षी झालं.

शेवटची परीक्षा आली. त्याच सुमारास पर्यवेक्षिकेच्या जागा निघाल्या. पदवीचा निकाल जोडून अर्ज करायचा, तारीख ठरलेली. आणि पुढं कधी जागा निघतील तेव्हा मंगलचं वय अटीच्या पलीकडं गेलेलं असणार. म्हणजे हीच गाडी. ही चुकली की स्टँडवर दुसरी नाही. मंगल बोलत नव्हती, पण भाकरी थापता थापता ओठ हलायचे. आमच्या तव्यावर तेव्हा पंचायत राज व्यवस्था भाजून निघाली.

अशा वेळी नवऱ्यानं गप्प बसावं. मी कचेरीतून नेमका तापलेला आलो होतो. एका फाईलमधून मधलं एक पान कुणीतरी बदललं होतं. पानावर सही नाही, त्यामुळं कुणाला धरायचं ते कळेना. मी मंगलला समोर बसवलं.

"ही फायनल हाय. पानं बदलतेत लोक! प्रत्येक पानाखाली सही करायची. सही आन् तारीख. सही नसलेलं पान सरकारात बेवारस असतंय."

"पण वर सूचना असती की," ती म्हणाली. "वळख पटंल असं काई लिव्हू नका म्हणून."

मी हसलो. (मी हसलो की घरात सगळ्यांनी सावध व्हावं, हे पल्लवीनं लहानपणीच शिकून घेतलंय.) "सहीनं कुठं वळख पटती? सत्तावीस वर्षांत माझ्या सहीवरून मला कुणी वळखलं का? ट्रेझरीवाले तर दर महिन्याला विचारतेत, ही कुणाची म्हणून!"

मंगलला पटायला वेळ लागला नाही, कारण तिला ते आधीच पटलेलं होतं. एकोणीस वर्षं अकरा रजिस्टरं, आणि पानाखाली सही नसेल तर मानधन अडकतं. तिचा हात पान संपलं की आपोआप खाली जातो. दोन वर्षं तिनं तो परीक्षेत दाबून धरला होता. मी परवानगी दिली.

पाच पेपर. पुरवण्या धरून सगळी पानं. प्रत्येक पानाखाली सही, तारखेसह. आणि तिची सही माझ्यासारखी नाही हो! स्वच्छ, गोल, वर सरळ रेघ ओढलेली : मंगल वाघमारे. आंधळ्याला सुद्धा ओळख पटेल अशी.

आता मिलिंद. हा मंगलचा भाऊ, स्टँडच्या रस्त्याला त्याचं फ्लेक्सचं दुकान. आमच्याकडं माणूस पास झाला, निवडून आला, वाढदिवस आला की फ्लेक्स लागलाच पाहिजे. निकालाच्या आदल्या दिवशीच मी मिलिंदकडं गेलो.

"जयभीम दाजी. बोला, काय टाकायचं?"

"बारा बाय आठ. 'आयु. मंगलताई वाघमारे बी.ए. उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'"

"लागला का निकाल?"

"उद्या लागतोय."

"मग उद्या टाकू की."

"उद्या तुझ्याकडं गर्दी असती. निकाल कुठं पळून चाललाय! टाक तू."

मिलिंदनं टाकला. मंगलचा फोटो म्हणून मी तोच लग्नातला दिला, कारण तो मोबाईलमध्ये तयार होता. बाजूला माझा फोटो, 'मार्गदर्शक' या पदनामासह. (तिच्यापेक्षा थोडा मोठा आला. ते मिलिंदनं केलं. मी नुसतं सांगितलं होतं.) खाली शुभेच्छुकांची चौदा डोकी, त्यात त्यांना न विचारता घेतलेली नऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स चौकात चढला. दुपारी निकाल लागला. मंगलच्या नावापुढं एकच शब्द होता : राखीव.

म्हणजे पास नाही, नापास नाही. चौकशी बाकी.

ती बातमी मला कचेरीत मोबाईलवर कळली तेव्हा माझ्या हातात अभिनंदनाचा हार होता, माझ्याच साहेबांनी घातलेला. संध्याकाळी विहारात महिला मंडळानं सत्कार ठेवलेला. मंगल अंगणवाडीतून घरी येताना चौकातून आली. तिथं शेजारची गयाबाई मावशी मान वर करून फ्लेक्स बघत उभी होती.

"मंगल, ही कोणाची पोरगी पास झाली गं? तुमच्यातलीच हाय का?"

"हाव मावशी," मंगल म्हणाली, "आमच्यातलीच हाय."

घरी आली. मी तिला मोबाईल दाखवला. तिनं तो एक शब्द वाचला. रडली नाही, हे मला जास्त लागलं. मी म्हणालो, "मिलिंदला सांगतो, उतरव म्हणून."

"उतरवू नका."

"अगं, पण..."

"उतरवलं की सगळ्या गावाला कळंल. राहू द्या वर. आता ते वर हाय तवर मला पास व्हायलाच लागंल."

आणि पदर खोचून विहारात गेली. सत्कार घेतला नाही, म्हणाली, "कागद हातात येऊ द्या, मग बोलवा, म्या सवता यीन."

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. उत्तरपत्रिकांवर ओळख पटेल अशी खूण केल्याबद्दल चौकशी. लातूरला समितीपुढं हजर व्हा, मूळ कागदपत्रं आणा. जागांच्या अर्जाला नऊ दिवस राहिलेले.

मी कामाला लागलो. खुलासा लिहायचा तर माझ्यासारखा मीच! 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की' पासून सुरुवात केली आणि चार पानांत एवढंच सिद्ध केलं की, चूक झाली असल्यास ती कुणाची तरी झालेली असावी, मात्र ती नेमकी कोणाची हे उपलब्ध अभिलेखावरून निश्चित होत नाही. सुंदर खुलासा होता. कुणावरच काही येत नव्हतं.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. अहमदपूरला चहा घेतला. मी मंगलला शिकवत होतो, "काही विचारलं की म्हण, खुलासा बघावा." ती खिडकीतून बाहेर बघत "हाव" म्हणत होती. लातूरला पल्लवी स्टँडवर उभी. मायलेकी पुढं चालल्या. मी फाईल घेऊन मागं.

समितीत तिघं. मधे अध्यक्ष म्याडम, चष्मा गळ्यात लोंबता. डावीकडं एक कडक सर. उजवीकडं एक सर, ज्यांनी सगळ्या वेळात फक्त पंख्याचा वेग दोनदा बदलायला सांगितला. शिपायानं मला अडवलं, "तुमी कोण?" पल्लवी मागून म्हणाली, "पालक." अशा रीतीनं वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी माझ्या बायकोचा पालक म्हणून आत गेलो.

मी खुलासा पुढं केला. म्याडमनी तो न वाचता बाजूला ठेवला. (चार पानं!)

कडक सर म्हणाले, "बाई, सह्यांचं नंतर बघू. आता गोष्ट त्याच्या पुढं गेलीय. तुमच्या उत्तरपत्रिकांवर सह्या सापडल्या म्हणून आम्ही त्या प्रवेश अर्जाशी ताडून पाहिल्या. ही बघा अर्जावरची सही. आणि ही पेपरातली. जुळतात का?"

मंगलनं पाहिलं. "न्हाई जुळत."

"आणि हा अर्जावरचा फोटो. ही कोण?"

"मीच हाय सर."

सरांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा मंगलकडं. "बाई, ही मुलगी वीस वर्षांची आहे."

"हाव. म्या होते तवा वीसची."

"फोटो वेगळा, सही वेगळी. म्हणजे अर्ज एकीचा आणि पेपरला बसली दुसरी. डमी उमेदवार! हे साधं प्रकरण नाही."

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, माझ्या दोन बोटांनी, मी एक आख्खी वेगळी बाई तयार केली होती! आणि ती बाई आता माझ्या बायकोला परीक्षेतून बाहेर काढत होती!

"अर्जावरची सही कुणाची आहे?" म्याडमनी विचारलं.

मंगलनं कागद जवळ घेतला. 'ल'चं वळण बघितलं. मग खाली दोन टिंबांवर तिचं बोट थांबलं. ती टिंबं तिनं बावीस वर्षं बघितली होती : रेशनच्या फॉर्मवर, पल्लवीच्या प्रगतिपुस्तकावर, गॅसच्या पुस्तकावर. तिनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी सांगू शकत नाही. आमच्या घरी दूध उतू गेल्यावर ती असं बघते, फक्त दूध कितीतरी जास्त होतं.

पण बोलली नाही. सरकारी नोकर, दुसऱ्याच्या नावाची सही, माझं नाव तोंडातून निघालं तर माझं काय होईल ते तिला कळत होतं. आणि नाही निघालं तर तिचं काय होईल तेही. एकोणीस वर्षं आणि तीन वर्षं, सगळी तिच्या बंद तोंडात. पल्लवी दारातून माझ्याकडं बघत होती.

मी छताकडं पाहिलं. पंखा मध्यम वेगात होता.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी एक कला कमावली आहे : जबाबदारी कुठूनही येवो, ती माझ्या टेबलावर मुक्कामाला थांबत नाही. त्या दिवशी मात्र तिला पुढं ढकलायला पुढचं टेबलच नव्हतं. तिथं मंगल बसली होती.

"माझी," मी म्हणालो.

"काय?"

"सही माझी हाय, म्याडम. फोटो पण मीच लावला. ती लसीकरणाला गेली होती. तिला यातलं काहीच माहीत न्हाई. आन् पानोपानी सही कर म्हणून बी मीच सांगितलं."

"म्हणजे तुम्ही आजवर मदत काय केली?" कडक सरांनी विचारलं.

मी विचार केला. "पेढे आणले सर."

म्याडम म्हणाल्या, "तुम्ही तिथं बसा. आता बोलू नका." पल्लवीनं दारातून मान हलवली. या सूचनेला घरातून एकमतानं पाठिंबा होता.

मग त्यांनी मंगलपुढं दोन कोरे कागद ठेवले. "पंचायत राजच्या पेपरातला तिसरा प्रश्न आठवतो? ग्रामसभेचं महत्त्व. तेच उत्तर पुन्हा लिहा. इथं, आमच्यासमोर. पुस्तक नाही, कागद नाही."

मंगलनं तिचा पेन काढला. मी बावीस वर्षं तिला स्वयंपाक करताना, वजनं घेताना, भांडताना पाहिलं. लिहिताना असं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. मान खाली, पाठ सरळ. एकदाही थांबली नाही. पंख्यानं कागद उडायला लागला तर डाव्या कोपरानं दाबून धरला, अंगणवाडीत लेकरांना एका हातानं धरून दुसऱ्या हातानं रजिस्टर भरते तसा. पुस्तकातल्या ग्रामसभेतून ती स्वतःच्या गावच्या ग्रामसभेत कधी शिरली तिलाच कळलं नाही. अंगणवाडीच्या पाण्याचा नळ बायकांनी उठून कसा मागितला, तेही लिहिलं. पहिलं पान संपलं. हात आपोआप खाली गेला.

मंगल वाघमारे. वर सरळ रेघ. तारीख.

पान उलटलं, लिहीत राहिली.

कडक सर पुढं वाकले. म्याडमनी चष्मा लावला. दुसरं पान संपलं. सही, तारीख. मंगलनं कागद पुढं केले आणि सगळ्यांची तोंडं बघून घाबरली. "काय चुकलं का?"

कडक सर पहिल्यांदा हसले. इतके हसले की पंखेवाले सर दचकले. "बाई! ज्या चुकीसाठी तुम्हाला बोलावलं, तीच तुम्ही आमच्यासमोर परत केली! दोनदा!"

मंगलनं जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "आवं सर, हात जातोय. रजिस्टरात सही न्हाई केली तर म्याडम इचारते, हे कुणी लिव्हलं? म्हणून करायची सवय. मी लिव्हलंय, तर चुकलं बिकलं तर मलाच धरा म्हणून."

म्याडमनी पेपर आणि नवे कागद शेजारी शेजारी ठेवले. अक्षर तेच, रेघ तीच, सही तीच. पेपरातल्या उत्तरातही तोच पाण्याचा नळ होता! मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मंगलला म्हणाल्या, "जिची सही खरी, तिच्यावर चौकशी. आणि ज्याची खोटी..."

वाक्य पुरं केलं नाही. निकाल सोडला. मंगलला लेखी ताकीद दिली, पुढं उत्तरपत्रिकेवर सही करायची नाही. माझ्याकडून हमीपत्र घेतलं, पुढं दुसऱ्या कुणाच्याच नावाची सही करायची नाही. मी हमीपत्रावर सही केली. मंगलनं ते हातात घेऊन तपासलं आणि परत केलं.

"तारीख ऱ्हायली."

प्रथम श्रेणी मिळाली. अर्ज मुदतीत गेला. तो तिनं स्वतः भरला. मला त्या दिवशी चक्कीवर पाठवलं होतं. चार महिन्यांनी नेमणूक आली. पहिल्या दिवशी स्कूटीवर बसून ती पर्यवेक्षिका म्हणून निघाली तेव्हा मी फाटकात उभा राहून मान फिरवली. (डोळ्यात धूळ गेली होती. आमच्या गल्लीत धूळ फार.) एकोणीस वर्षं जिच्या रजिस्टरावर लाल शाईचे शेरे पडले, तिच्या हातात आता तीच लाल शाई आहे, आणि तिच्या बीटातल्या, म्हणजे तिच्याकडं दिलेल्या गावांतल्या, सेविका सांगतात की या म्याडम शेरा मारायच्या आधी जवळ बसवून विचारतात, "हे कुणी लिव्हलं? तूच ना? मग घाबरायली कशाला!" दोन सेविकांना तिनं यंदा कॉलेजात नाव घालायला लावलं. त्यांचे फॉर्म भरायला मी तयार होतो. कुणी विचारलं नाही.

विहारातला सत्कार तिनं सांगितल्याप्रमाणं नंतर घेतला. चौकातला फ्लेक्स उन्हानं विटला. आधी मार्गदर्शक गेले, मग शुभेच्छुक, आणि शेवटी ती वीस वर्षांची मुलगी. आता तो अंगणवाडीच्या सरपणावर पावसाळ्यात झाकायला आहे. उपयोगाचा निघाला, असं मिलिंद मुद्दाम माझ्यासमोर सांगतो.

परवा पल्लवीच्या हॉस्टेलचा फॉर्म आला. खाली रकाना : पालकाची सही. माझा हात खिशाकडं गेला. तेवढ्यात मंगलनं फॉर्म ओढून घेतला, शांतपणे वाचला, सही केली, रेघ ओढली, तारीख टाकली. मग तो माझ्याकडं सरकवला.

"तुमी खाली साक्षीदार म्हणून करा. पण तुमचीच करा."

केली. पण दोघी मायलेकी दोन बाजूंनी हातावर लक्ष ठेवून बसल्या होत्या. हात असा काही जपून चालला की 'वाघमारे'तला 'व' नाजूक झाला, 'म'ला एक वळण आलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझी स्वतःची सही बायकी आली!